डॉरथी कॅरी यांचा नकार: विवाह आणि पाचारण यांविषयीचा एक प्रकरण अभ्यास

पती आणि पत्नी यांपैकी एकाला देव आपल्याला विशेष सेवेसाठी बोलावत आहे अशी खात्री वाटू लागते आणि दुसऱ्याला ती वाटत नाही, तेव्हा त्या घराने काय करावे हा प्रश्न मंडळ्यांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. ज्याला पाचारण झाले तो आज्ञाधारक आणि ज्याला ते पटत नाही तो विश्वासात कमी, अशी वाटणी करून प्रकरण मिटवले जाते. या लेखात ज्या प्रकरणाचा विचार केला आहे ते इंग्लंडहून मिशनरी म्हणून बंगालमध्ये गेलेले विल्यम कॅरी आणि सोबत जाण्यास आधी नकार देणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉरथी या दांपत्याचे असून त्याचा निर्णायक काळ १७९३ सालच्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांचा आहे. ते निवडण्याचे कारण असे की संबंधित माणसांची पत्रे व दैनंदिनी उपलब्ध आहेत, निर्णयाचा शेवट काय झाला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि मराठी ख्रिस्ती वाचक या प्रकरणापासून अलिप्त नाही. कॅरी यांनी तयार केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. म्हणजे त्या निर्णयाच्या फळात आपलाही वाटा आहे, आणि म्हणूनच तो निर्णय कसा झाला हे पाहण्याचे आपण टाळतो की काय, अशी शंका येते.

परिस्थिती

विल्यम कॅरी यांचा जन्म १७६१ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात झाला. जोडे शिवण्याचा धंदा शिकलेल्या या तरुणाचे १० जून १७८१ रोजी पिडिंग्टन गावच्या चर्चमध्ये डॉरथी प्लॅकेट यांच्याशी लग्न झाले. वराला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि वधू त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या होत्या. विवाहाच्या नोंदवहीत डॉरथी यांनी सहीच्या जागी फुली काढलेली आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत पतीने स्वतःच्या प्रयत्नाने लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच आत्मसात केल्या, प्रवासवर्णने वाचली, जगाचा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक देशातील लोकसंख्येची व धर्माची टिपणे केली. त्याच वर्षांत पत्नीने ओढगस्तीचा संसार चालवला, दोन लहान मुली गमावल्या आणि तीन मुलगे वाढवले. एकाच घरात राहणाऱ्या या दोघांचे जग इतके वेगवेगळ्या आकाराचे झाले होते, ही गोष्ट या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ तिथे आहे. डॉरथी अविश्वासी नव्हत्या. त्याही बाप्तिस्मा घेतलेल्या होत्या आणि पाळकाची पत्नी म्हणून मोल्टन आणि लेस्टर येथील मंडळ्यांमध्ये त्यांनी दिवस काढले होते. त्यामुळे विश्वासू आणि अविश्वासी जोडीदारांविषयी पौलाने जे लिहिले आहे ते इथे लावता येत नाही.

१७९२ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे कॅरी यांनी यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायावर उपदेश केला, आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना होऊन तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स इतकी वर्गणी जाहीर झाली. १७९३ च्या जानेवारीत बंगालमध्ये राहून आलेले जॉन थॉमस नावाचे शल्यचिकित्सक सोसायटीपुढे आले. त्यांच्यासोबत जाण्यास कोण तयार आहे, असा प्रश्न निघाला आणि कॅरी यांनी आपले नाव दिले. पत्नीची संमती हातात नसताना हा शब्द दिला गेला. डॉरथी त्या वेळी गरोदर होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, त्यामुळे समुद्रप्रवास अधिकच धोक्याचा झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना जहाजावर चढायचे होते आणि सोसायटीजवळचा पैसा अत्यंत तुटपुंजा होता. डॉरथी यांनी येण्यास नकार दिला.

निर्णय कसा झाला

नकार मिळाल्यावर कॅरी यांनी असे ठरवले की थोरला मुलगा फेलिक्स याला सोबत घ्यायचे, पत्नी व धाकटी मुले पिडिंग्टनला ठेवायची आणि पुढे त्यांना बोलावून घ्यायचे. एप्रिलमध्ये ते, थॉमस आणि फेलिक्स जहाजात बसले. परंतु थॉमस यांच्यामागे सावकार लागले होते, आणि परवान्याचाही प्रश्न होता, म्हणून आईल ऑफ वाइटजवळ त्यांना जहाजावरून उतरावे लागले. मे महिन्याच्या आरंभी डॉरथी बाळंत झाल्या आणि जेबेझ या मुलाचा जन्म झाला. ही बातमी कळल्यावर कॅरी यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात आपल्या मनाची ओढाताण लपवलेली नाही. सारे जग आपले असते तर ते देऊनही पत्नी-मुलांना जवळ ठेवले असते, पण कर्तव्याची जाणीव इतकी प्रबळ आहे की मागे फिरलो तर जिवावर अपराधाचे ओझे राहील, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यांना निष्ठुर ठरवणाऱ्यांनी हे पत्र वाचले पाहिजे, आणि त्यांना निर्दोष ठरवणाऱ्यांनीही वाचले पाहिजे, कारण त्यात स्वतःच्या विवेकबुद्धीचा उल्लेख आहे तितका पत्नीच्या विवेकबुद्धीचा नाही.

जहाज हुकल्याने दोघे परतले आणि थेट पिडिंग्टनला गेले. डॉरथी यांनी पुन्हा नकार दिला. दोघे निघाले, पण वाटेत थॉमस यांनी आपण परत जाऊन एकदा बोलतो असे सुचवले. कॅरी यांना त्यात वेळ जाईल असे वाटत होते. थॉमस यांनी जाऊन काय सांगितले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: त्या आल्या नाहीत तर कुटुंब कायमचे विखुरले जाईल आणि जन्मभर त्यांना पस्तावावे लागेल. या बोलण्याने डॉरथी घाबरल्या आणि बहीण किटी सोबत येत असेल तर येते, असे म्हणाल्या. किटी तयार झाल्या. एका दिवसात घर आवरले गेले आणि तान्ह्या बाळासह सगळे निघाले. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने डोव्हर सोडले आणि नोव्हेंबरमध्ये ते कलकत्त्याला पोहोचले.

संमती कशी मिळाली याचा विचार

या घटनाक्रमात एक विसंगती आहे. लेस्टरच्या मंडळीने आपला पाळक सहजासहजी सोडला नाही. तिची समजूत काढावी लागली आणि तिची संमती मिळवण्यासाठी सोसायटीच्या लोकांनी वेळ खर्च केला. म्हणजे मंडळीचे मन वळल्याशिवाय पाळकाने जाऊ नये हे सर्वांना मान्य होते. तेच तत्त्व घराला लावले गेले नाही. मंडळीची नापसंती हा विचारात घेण्याजोगा प्रश्न समजला गेला आणि पत्नीची नापसंती हा दूर करण्याजोगा अडथळा. त्या काळी विवाहित स्त्रीला कायद्यानेच स्वतंत्र अस्तित्व जवळपास नव्हते, हे खरे आहे, आणि अठराव्या शतकातील माणसांना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पण शास्त्राचे माप त्यांच्याही हातात होते. पती-पत्नींनी प्रार्थनेसाठी काही काळ वेगळे राहायचे असले तरी ते परस्परांच्या संमतीनेच, असे पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो. थोड्या काळाच्या वियोगाला जर दोघांची संमती लागते तर अनिश्चित काळाच्या वियोगाला ती लागत नाही असे कसे म्हणता येईल?

डॉरथी यांनी शेवटी होकार दिला, मग तक्रार कशाची, असा प्रतिवाद केला जातो. होकार दिला हे निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यापुढे ठेवलेले पर्याय पाहा. बाळंतपणाला जेमतेम काही आठवडे झालेल्या स्त्रीला सांगितले गेले की पती जाणारच आहे, मोठा मुलगाही जाणार आहे, आणि कुटुंब मोडले तर ते तुझ्या न येण्यामुळे मोडेल. हा पाचारणाविषयीचा प्रश्नच नव्हता. देव आपल्याला तिकडे नेत आहे का, हे त्यांना कोणी विचारले नाही. नवरा आणि मुलगा गमवायचा की घर सोडायचे, इतकेच विचारले गेले. अशा प्रश्नाला मिळालेला होकार हा भीतीचा निर्णय असतो, आणि त्याला देवाची इच्छा ओळखणे म्हणता येणार नाही. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियस यांनी आत्मिक सरावासाठी जे नियम घालून दिले त्यांत मन अंधारात व अस्वस्थतेत असताना आधीचा निश्चय बदलू नये असे बजावले आहे. डॉरथी यांचा निश्चय नेमका अशाच घडीला बदलवण्यात आला. त्याच लेखनात इग्नेशियस विवाहाला अपरिवर्तनीय निवडींमध्ये धरतात: एकदा केलेली ती निवड मोडून दुसरी करण्याचा प्रश्न उरत नाही, तिच्या आत राहूनच पुढचे जीवन चांगले करायचे असते. बाप्टिस्ट कॅरी हे कॅथलिक लेखन हाती घेते झाले असते अशी अपेक्षा नाही. पण लूथर यांच्यापासून प्रॉटेस्टंट परंपरेतही हेच मानले गेले की संसार, पती-पत्नीचे नाते आणि मुलांचे संगोपन हेच देवाचे पाचारण आहे, आणि त्याहून वरच्या दर्जाचे असे काही शोधण्याची विश्वासणाऱ्याला गरज नाही.

पवित्र शास्त्रातील उदाहरणे या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मांडली जातात. अब्राहामाला निघण्याची आज्ञा झाली तेव्हा सारेला विचारल्याचा उल्लेख नाही, आणि लूकच्या शुभवर्तमानात देवाच्या राज्याकरिता ज्या गोष्टी सोडल्या जातात त्यांत पत्नीचाही समावेश आहे. ही वचने बाजूला सारता येत नाहीत. पण लूकमधील ते वचन शिष्यत्वाची किंमत सांगते, पत्नीच्या मताशिवाय निर्णय घेण्याची मुभा देत नाही. आणि येशूमागे घर सोडून गेलेला पेत्र पुढे पत्नीला सोबत घेऊन फिरत होता, असे करिंथकरांस पत्रातून कळते. अब्राहामाच्याच चरित्रात पुढे देव त्याला सारा सांगते ते ऐक असे सांगतो. मला या संदर्भात सर्वांत बोलकी वाटतात ती दुसरी दोन उदाहरणे. मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला, पण योसेफाने तो केवळ तिच्या सांगण्यावरून मान्य करावा अशी अपेक्षा देवाने ठेवली नाही. त्याला स्वप्नात स्वतंत्रपणे सांगण्यात आले. शास्त्यांच्या पुस्तकात देवदूत आधी मानोहाच्या पत्नीकडे येतो. मानोहा प्रार्थना करतो की तो पुन्हा यावा आणि आम्हाला शिकवावे, आणि ती प्रार्थना ऐकली जाते. देवदूत पुन्हाही आधी तिच्याकडेच येतो आणि ती धावत जाऊन नवऱ्याला बोलावते. ज्याला पाचारण झाले नाही त्याने थांबून विचारणे हा या कथांमध्ये अविश्वास ठरत नाही, आणि ज्याला ते झाले आहे त्याला दुसऱ्यासाठी थांबायला देव वेळ देतो. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना वेगळे केले तेही उपास आणि प्रार्थना करीत असताना, अनेकांच्या साक्षीने.

आईल ऑफ वाइटजवळ जहाज हुकले तो विलंब दोघा मिशनऱ्यांनी देवाची तजवीज मानला: पत्नीला घेऊन येण्यासाठी देवाने वेळ दिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. तसा अर्थ लावता येतो. पण त्याच विलंबातून दुसरेही काही दिसत होते. सहकाऱ्याच्या कर्जाची पूर्ण कल्पना आधी मिळालेली नव्हती, परवाना नव्हता आणि पैसा अपुरा होता. पत्नीचा नकार या सर्वांशी सुसंगत होता. डॉरथी यांना ग्रीक येत नव्हते, पण या माणसाच्या भरवशावर लहान मुलांना घेऊन निघणे धोक्याचे आहे हा त्यांचा अंदाज पुढे खरा ठरला. कलकत्त्याला पोहोचल्यावर थॉमस यांच्या हातून पैसा संपला आणि कुटुंबाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आसरा शोधत फिरावे लागले. ज्या जोडीदाराला उत्साह नसतो त्याला पुष्कळदा तपशील दिसत असतात, आणि देव केवळ उत्साही माणसाशीच बोलतो असे गृहीत धरले तर ते तपशील ऐकू येत नाहीत.

पुढे काय झाले

१७९४ मध्ये सुंदरबनात राहत असताना डॉरथी आणि फेलिक्स हगवणीने आजारी होते. त्याच वर्षी कॅरी यांना माल्दा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर काम मिळाले, तेव्हा किटी सोबत गेल्या नाहीत. त्यांनी सुंदरबनात भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याशी विवाह केला. ज्या एका अटीवर डॉरथी यांनी घर सोडले होते ती अट वर्षभरात अशी संपली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने दगावला. १७९५ पासून डॉरथी यांचे मन ताळ्यावर राहिले नाही. पती व्यभिचारी आहे असा भ्रम त्यांना जडला, त्या त्यांच्या पाळतीवर राहू लागल्या, आणि त्यांच्या जिवावर उठण्यापर्यंत गोष्ट गेली. श्रीरामपूरला आल्यावरही त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे. कॅरी यांनी त्यांना घरातच ठेवले आणि शेजारच्या खोलीत भाषांतराचे काम चालू ठेवले. २८ डिसेंबर १८०० रोजी मिशनचे पहिले बंगाली ख्रिस्ती कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला त्या सुमारास डॉरथी आणि थॉमस हे दोघेही भ्रमिष्टावस्थेत होते. ८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरथी यांचे निधन झाले. पुढच्या मे महिन्यात कॅरी यांनी शार्लट रुमोर यांच्याशी विवाह केला आणि तो संसार सुखाचा झाला.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डॉरथी यांच्या आजाराला स्थलांतर हेच कारण होते असे ठामपणे म्हणता येणार नाही. सोसायटीचे सचिव अँड्र्यू फुलर यांची पहिली पत्नी सारा हीदेखील इंग्लंडमध्ये, स्वतःच्या घरात असताना शेवटच्या महिन्यांत भ्रमिष्ट झाली आणि ऑगस्ट १७९२ मध्ये, म्हणजे केटरिंगच्या सभेच्या काही आठवडे आधी, वारली. मनाचे आजार पाचारणाच्या योग्यायोग्यतेवर शिक्का मारत नाहीत. तसेच, डॉरथी यांच्यावर जे ओढवले ते त्यांच्या अल्पविश्वासाचे फळ होते असे मिशनच्या जुन्या चरित्रग्रंथांमधून सुचवले जाते, तेही तितकेच निराधार आहे. त्यांना आजार झाला. त्या आजारात त्यांना आधार देणारी माणसे, भाषा आणि परिसर यांपैकी जवळपास काहीही उरलेले नव्हते, इतके मात्र निर्णयाशी जोडता येते.

फळाचा युक्तिवाद

या प्रकरणावर चर्चा झाली की कोणीतरी हमखास म्हणते की कॅरी थांबले असते तर इतक्या भाषांतील पवित्र शास्त्र, श्रीरामपूरचे महाविद्यालय, सतीबंदीसाठीची खटपट हे काही झाले नसते. हा युक्तिवाद मला दोन कारणांनी कच्चा वाटतो. देवाने एखाद्या निर्णयातून चांगले फळ आणले म्हणजे तो निर्णय ज्या रीतीने घेतला ती रीतही देवाची होती, असे होत नाही. योसेफाच्या भावांनी त्याला विकले आणि त्यातून अनेकांचे प्राण वाचले, तरी विकणे योग्य ठरले नाही. योसेफाने स्वतःच तसा भेद करून दाखवला आहे. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. थांबणे म्हणजे पाचारण नाकारणे, हे गृहीतकच चुकीचे आहे. कॅरी १७९३ मध्ये एक-दोन वर्षे थांबले असते तर मूल जरा मोठे झाले असते, थॉमस यांचा हिशेब उघड झाला असता, सोसायटीजवळ थोडा पैसा जमला असता, आणि डॉरथी यांना या कामाची ओळख झाली असती. फुलर यांनी हिंदुस्थान कधीही पाहिला नाही. १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इंग्लंडमध्ये राहून त्याच मिशनसाठी राबले आणि त्यांच्या पाचारणाला कोणी कमी लेखत नाही. श्रीरामपूरचे कामही कॅरी यांच्या एकट्याच्या बळावर उभे राहिलेले नाही. १७९९ मध्ये आलेल्या विल्यम वॉर्ड आणि जोशुआ मार्शमन या मिशनऱ्यांइतकाच जोशुआ यांच्या पत्नी हॅना मार्शमन यांचा त्यात वाटा आहे. शाळा चालवणे, सामाईक घराची व्यवस्था पाहणे आणि कॅरी यांच्या आईविना वाढल्यासारख्या मुलांकडे लक्ष देणे हे त्यांनी केले. हॅना या स्वतः कामात उतरलेल्या पत्नी होत्या, आणि त्या घराची तुलना डॉरथी यांच्या बंद खोलीशी केली म्हणजे एका जोडीदाराची अंतःकरणापासूनची संमती किती काम करते ते दिसते.

अशा प्रसंगी सल्ला देणाऱ्यांसाठी

असे दांपत्य पाळकापुढे येते तेव्हा सर्वप्रथम दोघांशी वेगवेगळे बोलावे, कारण पाचारणाची भाषा ज्याला सफाईने येते त्याच्यासमोर दुसरा जोडीदार सहसा आपले खरे बोलत नाही. ज्याचा नकार आहे त्याला, अडचण काय आहे, असे न विचारता, तुला या बाबतीत काय दिसते आहे, असे विचारावे. पहिल्या प्रश्नात नकार ही दुरुस्त करण्याची गोष्ट ठरते. दुसऱ्या प्रश्नात त्याचे म्हणणे ऐकण्याजोगे ठरते. ज्याला पाचारण झाले आहे त्याला, जोडीदाराने वर्षभर होकार दिला नाही तर तू काय करशील, असे विचारावे. तरीही मी जाईन, असे उत्तर आले तर पुढची प्रार्थना त्या उत्तरावर व्हायला हवी. आणि मध्यस्थाने थॉमस यांच्यासारखे एकट्याने परत जाऊन भीती घालून काम साधू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

सर्व प्रयत्न करूनही एकमत झाले नाही तर काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याला एकच उत्तर नाही. माझे मत असे की विवाहाची प्रतिज्ञा आधी झालेली असल्याने तिला प्राधान्य आहे, आणि म्हणून ज्याला पाचारण झाले आहे असे वाटते त्यानेच थांबण्याचे ओझे उचलावे. ते जोडीदाराच्या अंगावर टाकू नये. अशा थांबण्यात पाचारणाची परीक्षाही होते. पती-पत्नीच्या नात्यात पत्नीचा मान राखला नाही तर प्रार्थनेत व्यत्यय येतो, असे पेत्र पहिल्या पत्रात पतींना उद्देशून लिहितो. त्या वचनाचा अधिकार धरला तर जोडीदाराला बाजूला ठेवून केलेल्या प्रार्थनेतून मिळालेली खात्री पुन्हा तपासून पाहणे, हे त्या पतीचेच काम ठरते.